पायाखाली स्लॅब असलेलं अक्षर

दोस्तांनो, घरात इंग्रजीची एखादी डिक्शनरी असेल, तर ती आधी जवळ घेऊन बसा. नसेल तर शाळेच्या लायब्ररीतली आठवा. समजा, तुम्हाला 'कॅमल' हा शब्द शोधायचाय. तुम्ही काय करता? पान वाचत बसता का? मुळीच नाही! तुमचे डोळे पानाच्या डाव्या कडेने भराभर खाली उतरतात आणि फक्त जाड अक्षरांवर टेकत टेकत जातात. बारीक अक्षरांतले अर्थ तेव्हा तुम्हाला दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. हवा तो शब्द सापडला, की मगच डोळे उजवीकडे वळतात.

या जाड अक्षराला आपण 'ठळक' म्हणतो, इंग्रजीत 'बोल्ड'. ते आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की ते कधीतरी कुणीतरी घडवलं असेल असं मनातसुद्धा येत नाही. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक उघडलंत, तर बारीक मजकुराच्या मधोमध असा ठळक शब्द तुम्हाला भेटणार नाही. एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचं असलं, तर तो तिरका छापायचा, नाहीतर सगळा कॅपिटल अक्षरांत. ठळक अक्षर नंतर आलं, आणि तेही पुस्तकातून नाही, रस्त्यावरून आलं! त्या अक्षराच्या एका दणकट घराण्याची आज ओळख करून देते. या घराण्याशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. ते पुढे येईलच.

आधी एक शब्द समजून घेऊ : सेरिफ. कॅपिटल 'आय' डोळ्यांसमोर आणा. नुसती उभी काठी असेल, तर त्याला सेरिफ नाही. पण काठीच्या डोक्यावर आणि पायाशी छोटीशी आडवी रेघ असेल, तर ती रेघ म्हणजे सेरिफ. ही चाल फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी दगडांवर कोरलेल्या अक्षरांनाही असे पाय आहेत. पुस्तकांच्या टाइपात बहुधा हे पाय नाजूक असतात, टोकाकडे निमुळते होत गेलेले. आता त्या नाजूक पायाच्या जागी चांगली जाडजूड, चौकोनी पट्टी बसवा. काठी जेवढी जाड, जवळजवळ तेवढीच पट्टीही जाड. झालं स्लॅब सेरिफ! आता स्लॅब म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगू? शेजारी इमारत उठत असते, तेव्हा 'आज तिसरा स्लॅब पडला' असं आपण म्हणतोच की. तोच हा स्लॅब. मधे खांब आणि वर-खाली स्लॅब, असं हे अक्षर उभं असतं.

हे जन्माला आलं लंडनमध्ये, १८१५ ते १८१७च्या सुमारास. व्हिन्सेंट फिगिन्स नावाचे एक टाइप ओतणारे कारखानदार होते. त्यांच्या नमुन्यांच्या पुस्तकात हे वळण पहिल्यांदा छापलेलं दिसतं. त्या काळात इंग्लंडमध्ये कारखाने वाढले, माल वाढला आणि विकण्याची घाईही वाढली. लॉटरीची तिकिटं, नाटकांचे खेळ, घोडागाड्यांच्या वेळा अशा सगळ्यांच्या जाहिराती भिंतींवर चिकटू लागल्या. एकाने चिकटवली की दुसरा तिच्यावरच आपली चिकटवून जायचा! अशा गर्दीत पुस्तकातलं सभ्य, नाजूक अक्षर कोण बघणार? म्हणून छापणाऱ्यांनी आधी अक्षरं नुसती लठ्ठ केली. उभ्या रेघा एकदम जाड्या, पण आडव्या रेघा आणि पाय केसासारखे बारीक. जवळून ते मोठं ऐटदार दिसायचं. लांब गेलं की मात्र बारीक रेघा विरून जायच्या आणि उरायचे नुसते काळे खांब. फिगिन्स यांच्या अक्षरात बारीक असं काही ठेवलेलंच नव्हतं. सगळंच जाड! त्यामुळे रस्त्याच्या पलीकडूनही 'ई'चा 'ई' आणि 'एफ'चा 'एफ' वाचता यायचा.

या अक्षरांना लोक 'इजिप्शियन' म्हणू लागले. इजिप्तशी त्यांचा काडीचाही संबंध नाही बरं का! १७९८ साली नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली आणि त्यानंतर युरोपात पिरॅमिड, ममी, तिथलं कोरीवकाम यांचं वेडच लागलं. जे जे नवं आणि भारदस्त, त्याला इजिप्तचं नाव चिकटू लागलं.

पुढे जाहिराती आणखी मोठ्या झाल्या आणि एक अडचण उभी राहिली. छपाईचे खिळे शिशाच्या मिश्रणातून ओतायचे. वीतभर उंचीचं अक्षर शिशात ओतलं तर ते उचलता उचलता जीव जायचा, ओतीव निवताना त्याचा पृष्ठभाग खालीवर व्हायचा, आणि पैसाही भरपूर लागायचा. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी लाकडात अक्षरं कोरायचं यंत्र काढलं आणि दुसऱ्याच वर्षी लाकडी टाइपांचा नमुनाग्रंथ छापला. लाकूड हलकं आणि स्वस्त. मग काय विचारता! सर्कस, घोड्यांचे बाजार, आगबोटी, सगळीकडे स्लॅबवाली अक्षरं उभी राहिली. त्यातल्या एका जातीत तर वरचे-खालचे स्लॅब मधल्या खांबापेक्षाही जाड असत. काउबॉयच्या सिनेमात 'पकडून देणाऱ्यास बक्षीस' असा फलक दिसतो ना, ते वळण याच जातीचं. मला ते फारसं आवडत नाही. शेतातल्या बांधावरून कुणीतरी मोठमोठ्याने हाका मारतंय असं वाटतं. पण हाकाच मारायच्या होत्या, त्याला ते तरी काय करणार!

तेव्हा हे अक्षर जन्मलं ओरडण्यासाठी. मग ते डिक्शनरीच्या शांत पानावर कसं जाऊन बसलं?

१८४५ साल. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली हे मालकांपैकी एक होते, आणि पोलादावर अक्षरांचे ठसे कोरण्यात बेंजामिन फॉक्स यांचा हातखंडा होता. या दोघांनी स्लॅबवालं एक नवं वळण केलं, त्याचं नाव क्लॅरेंडन. त्यात त्यांनी अक्षराचा आवाज जरा खाली आणला. स्लॅब आणि खांब जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवला नाही. गवंडी भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई देतो तशी गोलाई दिली. जाड आणि बारीक रेघांत थोडासा फरक ठेवला. लहान 'ए', 'सी' आणि 'आर'च्या टोकांना वाटाण्यासारखे गोल ठिपके दिले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे अक्षर अरुंद होतं आणि बारीक मापातही ओतलेलं होतं. नेहमीच्या पुस्तकी टाइपाच्या ओळीत, त्याच्याच उंचीचं, त्याच्या मांडीला मांडी लावून बसेल असं! त्यामुळे साध्या मजकुरातला एकच शब्द ठळक करायची सोय झाली.

बेस्ली यांनी हे वळण सरकारदरबारी नोंदवलं. तेव्हाच्या कायद्याने त्यांना तीन वर्षांचं संरक्षण मिळालं. तीन वर्षं संपली मात्र, इतर कारखानदारांनी भराभर तशीच अक्षरं ओतायला सुरुवात केली. बेस्ली चांगलेच चिडले म्हणतात, आणि चिडणारच. (पुढे १८६९ साली ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले, म्हणजे त्यांचं अगदीच वाईट झालं नाही!) पण या नकलांमुळे झालं असं, की छापखान्यांच्या बोलीत 'क्लॅरेंडन' म्हणजेच ठळक अक्षर असा अर्थ रूढ झाला. आपण नाही का, कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर प्रत काढली तरी 'झेरॉक्स' म्हणतो, आणि वनस्पती तुपाला 'डालडा'? तसंच.

आणि मग ऑक्सफर्डची ती सुप्रसिद्ध मोठी डिक्शनरी. जेम्स मरे यांनी तिचं संपादन हाती घेतलं. पहिला भाग निघाला १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली. मरे तोवर हयातही नव्हते. तिची छपाई ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसची, आणि प्रत्येक मुख्य शब्द छापला होता तोही क्लॅरेंडन टाइपात! अशा ग्रंथात एकाच पानावर किती तऱ्हा असतात पाहा : शब्द, त्याचा उच्चार, तो कुठून आला, अर्थ, जुन्या पुस्तकांतले उतारे. सगळं एकाच जाडीत छापलं असतं, तर ते पान म्हणजे मुंग्यांची रांग झालं असतं. ठळक अक्षराने तिथे आरडाओरडा केला नाही. ते नुसतं दारात उभं राहिलं, घराच्या नावाची पाटी धरून.

आता आमच्या घराकडे वळते.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. बाबा कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा पाचवीत होते. संप मिटेल, मिटेल म्हणता म्हणता वर्ष उलटलं, आणि बाबांच्या गिरणीचं दार काही पुन्हा उघडलं नाही. आई मॅट्रिक झालेली होती. तिने टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. सकाळी ए-एस-डी-एफ बडवायची, दुपारी घरकाम, संध्याकाळी पुन्हा क्लास. पुढे दोन बांगड्या मोडून तिने एक जुना टाइपरायटर घेतला आणि घरीच टायपिंगची कामं घेऊ लागली. पानाला दीड रुपया. अर्ज, बायोडेटा, भाड्याच्या खोल्यांचे करार. रात्री त्या टकटकीत मला झोप लागायची. ती थांबली की जाग यायची!

टाइपरायटरचं अक्षर तुम्ही कधी नीट न्याहाळलंय? तेही स्लॅब सेरिफच. अंगाने सडसडीत, पण पायाखाली स्लॅब पक्के. याचं कारण मोठं मजेदार आहे. या यंत्रात कुठलीही कळ दाबा, कागद एक घर पुढे सरकतो. घर प्रत्येक अक्षराला सारख्याच मापाचं, बहुतेक यंत्रांत इंचाला दहा. आता 'आय' बिचारा काडीपैलवान. त्याला 'एम'एवढं घर दिलं, तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहणार आणि शब्दात भोक पडल्यासारखं दिसणार. म्हणून त्याच्या पायाखाली लांबलचक स्लॅब द्यायचा. तिघांच्या बाकावर एकटाच बसलेला मुलगा हात पसरून बसतो ना, तसा! 'एम'चं बरोबर उलटं. एसटीच्या बाकावर चौथा माणूस दाटीवाटीने बसावा, तसे त्याचे तीन पाय चेपून बसवलेले.

पण टाइपरायटरवर ठळक अक्षर नसतं. कॉम्प्युटरवर शब्द निवडला, बटण दाबलं, झाला ठळक, अशी सोय कुठली! आई काय करायची ते सांगते. शब्द टाइप करायचा. मग मागे जायची कळ शब्दात जेवढी अक्षरं तेवढ्या वेळा दाबायची आणि तोच शब्द, त्याच जागी, पुन्हा मारायचा. मथळा असेल तर तिसऱ्यांदा. प्रत्येक घाव किंचित इकडेतिकडे पडायचा आणि त्यानेच अक्षर जाड व्हायचं. मथळा मधोमध यायला हवा असेल, तर अक्षरं मोजायची, निम्मी करायची आणि कागदाच्या मध्यापासून तितकी घरं मागे यायचं. आमच्या घरी निमपटीचा पाढा अर्जांच्या मथळ्यांवर पाठ झाला!

गिरणीकडून कामगारांचे पैसे यायचे होते. त्यासाठीचे अर्ज चाळीतले लोक आईकडून करून घ्यायचे, आणि त्यांच्याकडून ती पैसे घेत नसे. बाबांचा पहिला अर्ज हाताने लिहिलेला होता, आणि तो एका कचेरीत गेला तो गेलाच. चौकशीला गेलं की साहेब टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवायचे. एकदा आई बाबांबरोबर गेली आणि तो गठ्ठा बघून आली. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, त्या ढिगात सगळे कागद सारखेच दिसतायत. तो माणूस तरी कुणाचा कागद वर काढेल?" त्या रात्री तिने नवा अर्ज केला. मजकूर साधाच. पण सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात, बाबांचं नाव आणि गिरणीतला तिकीट नंबर, प्रत्येक अक्षर तीनदा मारलेलं. कार्बन घालून चार प्रती. खालच्या प्रतीवर बाकीचा मजकूर फिका आला होता, नाव मात्र खणखणीत! दुसऱ्या दिवसापासून चाळीतल्या प्रत्येक अर्जावर ती तसंच करू लागली. मग शेजारचे काका यायचे ते हेच सांगत, "वहिनी, आमचं पण नाव जाड करा हां."

पैसे आले, पण तीन वर्षांनी. ठळक अक्षरांमुळे आले असं मी म्हणणार नाही. त्यात युनियनची खटपट होती, चकरा होत्या, आणखीही बरंच होतं. पण एवढं खरं, की पुढच्या वेळी कचेरीतल्या माणसाने गठ्ठ्यात हात घातला आणि बाबांचा कागद उभ्या उभ्या बाहेर काढला. आईने मरेसाहेबांचं नावही ऐकलेलं नव्हतं. ढिगातलं एक नाव डोळ्याला सापडायला हवं, एवढंच तिला कळलेलं होतं.

टाइपरायटरचं सगळ्यांत प्रसिद्ध वळण म्हणजे 'कुरिअर'. आयबीएम कंपनीसाठी हॉवर्ड केटलर यांनी ते १९५५च्या सुमारास केलं. कंपनीने त्यावर एकट्याचा हक्क राखला नाही, म्हणून ते जगभर पसरलं आणि आज तुमच्या कॉम्प्युटरमध्येही बसलेलं आहे. हॉलिवूडच्या पटकथा अजूनही त्यात टाइप करतात. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा त्यांचा ठोकताळा.

बाकी हे घराणं कुठे कुठे भेटतं, ते तुम्हीच शोधा. सोनीच्या टीव्हीवरचं नाव बघा. होंडाच्या मोटारीच्या मागे इंग्रजीत लिहिलेलं 'होंडा' बघा. आयबीएमची ती आडव्या पट्ट्यांची तीन अक्षरं पॉल रँड यांची : अक्षरं १९५६ची, पट्ट्या १९७२च्या. मोजके, मोठे शब्द असले की हे अक्षर शोभून दिसतं. 'मी इथून हलणार नाही' असं त्याचं उभं राहणं असतं. मात्र अख्खं पुस्तक ठळक स्लॅबमध्ये छापा आणि वाचून बघा. दोन पानांत डोकं दुखेल! आमच्या सोसायटीच्या फळ्यावर हल्ली प्रत्येक नोटीस पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत ठळक असते. परवा 'पाणी येणार नाही' ही ओळ अशाच एका नोटिशीत होती, आणि ती कुणीच वाचली नाही. सगळ्या बिल्डिंगच्या बादल्या रिकाम्या!

तुम्ही म्हणाल, मराठीचं काय? आपल्या अक्षरांना पायात स्लॅब नाही. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली, पाय मोकळे. म्हणून स्लॅब सेरिफ हा शब्द देवनागरीला नीट लागू पडत नाही. पण ती शिरोरेघ मला नेहमी वरचा स्लॅबच वाटते. अक्षरांना धरून ठेवायचं आणि डोळ्याला ओळीवरून पुढे न्यायचं काम ती करतेच. देवनागरी ठळक करणं मात्र जास्त अवघड. 'ष्ट्र' किंवा 'क्ष' यांच्या पोटात मुळातच जागा कमी. रेघा जाड केल्या की ती जागा शाईने भरून जाते आणि अक्षराचा नुसता गोळा होतो. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचं एवढं नाव झालं, ते असली जोडाक्षरंही स्वच्छ उमटत म्हणून.

आता एक काम देते. गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद घ्या. त्यावर १४ घरं उंच आणि १० घरं रुंद अशी चौकट आखा. तिच्यात कॅपिटल 'आय' काढा : खांब ४ घरं रुंद, वरचा आणि खालचा स्लॅब प्रत्येकी ३ घरं जाड आणि पूर्ण १० घरं लांब. रंगवा, भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. मग दुसऱ्या कागदावर स्लॅब १ घर जाड करा, तिसऱ्यावर ५ घरं जाड. तीन वेगवेगळी माणसं उभी आहेत असं वाटेल. ५ घरांचा तर थेट सर्कशीतून आलेला!

हे जमलं, की त्याच १० घरांच्या चौकटीत कॅपिटल 'एम' बसवायला घ्या. चार-चार घरांचे दोन खांबच आठ घरं खाणार. उरलेल्या दोन घरांत मधला उतार आणि चढ कसा मावणार? शिवाय पायांखाली स्लॅब हवेतच. टाइपरायटर घडवणाऱ्यांनी काय युक्ती केली असेल? मी सांगणार नाही. पेन्सिल घ्या, आणि खोडरबरही जवळ असू द्या.